काउंटरमागच्या माणसाच्या हातात काय असतं

सुपरमार्केटमधल्या कर्मचाऱ्यांबद्दल कोणी तक्रार करायला लागलं की मी आधी विचारते, "तेव्हा सुपरवायझर कुठे होता?" बहुतेकांना हा प्रश्न विषय सोडून वाटतो. "अगं, ती मुलगी कशी बोलली ते तरी ऐक," म्हणतात. मी ऐकते. पण माझी नोकरीची बरीच वर्षं बँकेत, रोखपालाच्या खिडकीमागे गेली आहेत. काचेच्या आतल्या बाजूने समोरची रांग कशी दिसते ते मला माहीत आहे. शिवाय माझी धाकटी जाऊ एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये बिलिंगला होती. तिच्याकडून जे ऐकलं आणि गिऱ्हाईक म्हणून जे पाहिलं, ते आज सविस्तर लिहायचं आहे.

मागच्या पावसाळ्यात घडलेली गोष्ट आधी सांगते. कपडे धुण्याच्या पावडरचा मोठा पुडा घेतला होता. रॅकवरच्या चिठ्ठीवर एक भाव, बिलाच्या स्क्रीनवर दुसरा, जास्तीचा. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, सिस्टिममध्ये हाच येतोय." मी म्हटलं, मग हा पुडा बिलातून काढ. तर तो तिला काढता येईना. एकदा स्कॅन झालेली वस्तू रद्द करायची तर सुपरवायझरचं कार्ड लागतं. तिनं बटण दाबलं, काउंटरवरचा दिवा लुकलुकायला लागला, आणि आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. सुपरवायझर मागे गोदामात होता. रांग वाढत गेली. माझ्यामागचे गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "यांना काही शिकवूनच बसवत नाहीत." मुलगी काही बोलली नाही. मान खाली घालून ती पिशव्यांची चळत सारखी करत राहिली, आणि तिचे कान लाल झालेले मला दिसत होते.

तिनं काय चुकीचं केलं होतं? भाव बदलतात ते मुख्य कार्यालयातल्या संगणकावर, बहुधा रात्री. दुकानातल्या प्रत्येक काउंटरवर ते आपोआप पोचतात. रॅकवरची कागदी चिठ्ठी मात्र कोणीतरी हातानं काढून नवी लावावी लागते. हजारो वस्तूंच्या दुकानात माणसं कमी असली की काही चिठ्ठ्या तशाच राहतात. चूक होते रॅकपाशी, ती उघडकीला येते काउंटरवर, आणि बोलणी खाते ती तिथे बसलेली, किंवा खरं म्हणजे उभी असलेली, मुलगी. त्या चिठ्ठीला तिनं आयुष्यात हात लावलेला नसतो.

वस्तू रद्द करायला वरच्याचं कार्ड का लागतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. गिऱ्हाइकानं रोख पैसे देऊन पाठ फिरवली की बिलातली एखादी वस्तू रद्द करायची आणि तेवढे पैसे गल्ल्यातून काढायचे, ही चोरीची जुनी रीत आहे. म्हणून एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं मंजूर करायची. आमच्याकडे मोठ्या रकमेचं प्रत्येक व्हाउचर असंच दोन हातांतून जायचं. त्यात रोखपालाचा अपमान नाही, उलट त्याचं संरक्षण आहे. फरक एवढाच की मला मंजुरी देणारा अधिकारी माझ्या पाठीमागच्या टेबलावर असायचा. मान वळवली की दिसायचा. नियम आला तेव्हा त्याच्यासोबत माणूसही आला होता. दुकानांनी नियम ठेवला आणि माणसाला माल उतरवायला पाठवून दिलं.

हेच दुसऱ्या एका दुकानात कसं होतं तेही पाहिलंय. तिथेही चिठ्ठीवरचा भाव आणि बिलातला भाव जुळत नव्हता. काउंटरवरच्या मुलीनं रॅकवाल्या मुलाला फोन केला, त्यानं चिठ्ठीचा फोटो पाठवला, आणि तिनं स्वतःच भाव बदलून टाकला. मागच्या बाईंचं सामान पट्ट्यावर मांडून होईस्तोवर माझं बिल हातात होतं. मी कुतूहलानं विचारलं, तुला हे करता येतं? ती म्हणाली, "हो काकू, ठरावीक रकमेपर्यंत येतं. रात्री सगळ्या बदलांची यादी निघते, ती मॅनेजर सर बघतात." म्हणजे तपासणी इथेही आहेच. ती नंतर होते, आणि गिऱ्हाइकाला तिच्यासाठी ताटकळावं लागत नाही. त्या मुलीच्या बोलण्यातही मला फरक जाणवला. ती घाबरलेली नव्हती. जिला काहीतरी करता येतं तिला गिऱ्हाइकाशी वाद घालावा लागत नाही. जिला काहीच करता येत नाही तिच्यापाशी "सिस्टिममध्ये असंच आहे" या वाक्याशिवाय दुसरं काय असणार?

कॅनडात किरकोळ व्यापाऱ्यांनी २००२ साली यासाठी एक आचारसंहिता केली. ती स्वेच्छेची आहे, पण मोठमोठी दुकानं तिच्यात सामील झाली. जाहीर केलेल्या भावापेक्षा स्कॅनरनं जास्त भाव लावला आणि वस्तू १० डॉलरपर्यंतची असली, तर ती गिऱ्हाइकाला फुकट द्यायची. महाग असली तर योग्य भावातून १० डॉलर कमी करायचे. मला यात आवडलं ते असं की चुकीची भरपाई आधीच ठरलेली आहे. गिऱ्हाइकाला आवाज चढवावा लागत नाही आणि काउंटरवरच्या माणसाला कोणाच्या मनधरण्या कराव्या लागत नाहीत. शिवाय चुकीची झळ दुकानाला बसते, त्यामुळे चिठ्ठ्या वेळेवर बदलण्यात दुकानाचंच हित असतं.

हा काउंटर इतका महत्त्वाचा कसा झाला, तेही पाहण्यासारखं आहे. पूर्वी वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक बाहेर उभं राहायचं आणि आतला माणूस मागेल ते काढून, तोलून, बांधून द्यायचा. १९१६च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसानं 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकालाच आत सोडलं. फिरत्या फाटकातून आत जायचं, ठरवून दिलेल्या वाटेनं सगळ्या मांडण्यांवरून फिरायचं, स्वतःच्या हातानं माल उचलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. पुढच्याच वर्षी त्यानं या रचनेचं पेटंट मिळवलं. माल काढून देणाऱ्या माणसाचं काम त्या दिवसापासून आपण करायला लागलो. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमननं चाकांची ढकलगाडी आणली आणि आपण आणखी माल उचलायला लागलो. या सगळ्यात दुकानातल्या माणसाशी बोलायचे प्रसंग एकेक करत गळाले. राहिला तो एकच, पैसे देण्याचा. पूर्वी चार ठिकाणी विभागली जाणारी सगळी नाराजी आता त्या एका काउंटरवर येऊन साचते.

बारकोड आला तेव्हा काउंटरवरचं कामही बदललं. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावात मार्श सुपरमार्केटमध्ये पहिली वस्तू स्कॅन झाली. ते च्युइंग गमचं पाकीट होतं आणि ते स्कॅन करणाऱ्या कॅशियरचं नाव शॅरन ब्युकॅनन. यंत्र बनवणाऱ्यांच्या नावांसोबत कॅशियरचंही नाव टिकून राहिलं, याचं मला फार बरं वाटतं. त्याआधी प्रत्येक वस्तूचा भाव वाचून, बोटांनी आकडे दाबून बिल करायचे. सराईत कॅशियरला पुष्कळसे भाव तोंडपाठ असायचे. बारकोडनंतर ते ज्ञान लागेनासं झालं आणि वेग मोजता येऊ लागला. आता मिनिटाला किती वस्तू स्कॅन केल्या, दोन बिलांच्या मध्ये किती सेकंद गेले, हे सगळं नोंदलं जातं. जाऊ सांगायची, महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्या वेगाचा तक्ता भिंतीवर लागायचा. खालच्या नावांभोवती लाल चौकट.

तिचा एक किस्सा माझ्या मनातून जात नाही. एक म्हातारे गृहस्थ तिच्या काउंटरवर यायचे. हात थरथरायचे, पाकिटातून नोट काढायला वेळ लागायचा. ती त्यांना घाई करायची नाही. त्यांचं पाकीट स्वतःच्या हातात घ्यायची नाही, फक्त गल्ला उघडा ठेवून थांबायची. त्या तक्त्यात तिचं नाव खाली गेलं. वर बोलावून विचारलं, तेव्हा तिनं खरं कारण सांगितलं. उत्तर आलं, "अशा गिऱ्हाइकांना दुसऱ्या काउंटरवर पाठवत जा." दुसरा काउंटर कुठला? प्रत्येक काउंटरवर तोच तक्ता. मला हे ऐकून खूप राग आला होता आणि आजही येतो. ज्या गोष्टीसाठी कर्मचाऱ्याची पाठ थोपटायला हवी, ती गोष्ट त्या दुकानाच्या मोजमापात दोष म्हणून उमटत होती.

मोजमापाचा दुसरा प्रकार म्हणजे पढवलेली वाक्यं. "कार्ड आहे का? नाही? मग करून देऊ का? पिशवी हवी का? आजची ऑफर बघितली का?" आपल्याला वाटतं ही पोपटपंची कशाला. पण ती वाक्यं तिनं म्हटली की नाही, हे तपासायला काही दुकानं गिऱ्हाइकाच्या वेशात पगारी माणसं पाठवतात. ती सामान घेतात, बिल करतात आणि घरी जाऊन गुण देतात. नमस्कार केला का, डोळ्यांत बघितलं का, ऑफर सांगितली का. जाऊ म्हणायची, "ताई, समोर कोण आहे ते कळत नाही, मग प्रत्येकालाच सगळं म्हणायचं." मागे मोठी रांग असताना, समोरच्या बाईच्या कडेवर मूल रडत असतानाही. त्या बाईला त्या क्षणी फक्त लवकर निघायचं असतं, आणि काउंटरवरच्या मुलीलाही ते दिसत असतं.

हसण्याचंही तेच. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाई सुंदरींचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा अभ्यास केला होता. पगारासाठी स्वतःच्या भावना आवरणं, नसलेल्या चेहऱ्यावर आणणं, हेही कामच आहे आणि त्यालाही श्रम पडतात, हे त्यांनी १९८३मध्ये सविस्तर मांडलं. मला ते वाचताना आमच्या शाखेतला महिन्याचा पहिला आठवडा आठवला. निवृत्तिवेतनाची रांग, प्रत्येकाची तीच चौकशी, प्रत्येकाला तेच उत्तर, आणि प्रत्येकाला ते पहिल्यांदाच देतोय अशा आवाजात द्यायचं. नोटा मोजून बोटं दुखत नसत तेवढा तो आवाज टिकवताना जीव थकायचा.

म्हणून मी हसण्यावरून सेवा जोखत नाही. आमच्या नेहमीच्या दुकानात एक बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. हसत नाहीत. "या, बसा" नाही, "कशा आहात" नाही. पण त्यांच्या काउंटरवरून घरी आणलेल्या पिशवीत कधी काही फुटलेलं नसतं. जड वस्तू तळाला, नाजूक वर, फिनेलची बाटली वेगळ्या पिशवीत. प्रत्येक बाटलीचं झाकण त्या जाता जाता अंगठ्यानं दाबून बघतात. एकदा सासूबाई सोबत होत्या. त्यांना कानानं कमी ऐकू येतं. या बाईंनी एकदा सांगितलं, सासूबाईंना कळलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी आवाज चढवला नाही. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि रकमेवर बोट ठेवलं. सासूबाईंनी पैसे मोजून दिले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "या दुकानात बरं आहे." एवढंच. आपण ऐकू न येणारी म्हातारी आहोत ही जाणीव तिथे त्यांना कोणी करून दिली नव्हती. अभिप्रायाच्या त्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या बटणांवर या बाईंना काय गुण पडत असतील कोण जाणे. मी तिथे असले की हसरा चेहरा दाबते.

उभं राहण्याबद्दल मात्र थोडं तावातावानंच लिहावंसं वाटतं. आमच्या बँकेत रोखपालाला खुर्ची होती, आणि ती आहे म्हणून कोणी गिऱ्हाइकानं आम्हाला आळशी म्हटलं नाही. मग सुपरमार्केटच्या कॅशियरनं आठ-आठ तास उभं का राहायचं? युरोपात आल्डीसारख्या साखळी दुकानांत कॅशियर बसूनच काम करतात, आणि त्यांच्या वेगाची तर ख्याती आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६४च्या १२०व्या करारात दुकानं आणि कार्यालयांतल्या कामगारांना पुरेशी व योग्य आसनं द्यावीत आणि ती वापरायची रास्त संधी द्यावी, असं स्पष्ट कलम आहे. केरळनं २०१८मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१मध्ये दुकानांतल्या कामगारांच्या बसण्याच्या हक्कासाठी कायद्यात दुरुस्ती केली. कॅलिफोर्नियात कॅशियरना आसनं न दिल्याच्या खटल्यात वॉलमार्टनं २०१८ साली साडेसहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली. इतकं सगळं असूनही अनेक दुकानांत काउंटरची उंचीच अशी की स्टूल ठेवलं तरी बसता येऊ नये. जाऊ रात्री घरी आली की आधी पाय उशीवर ठेवून पडायची. तिच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या मी पाहिल्यात. संध्याकाळी सात वाजता कोणी तुमच्याशी तुटक बोललं तर त्या पायांवर किती तास गेलेत, हा विचार माझ्या मनात आधी येतो.

आता काउंटर सोडून आत येऊ. "अमुक कुठे ठेवलंय?" म्हणून विचारावं तर समोरचा माणूस "माहीत नाही" म्हणून मान फिरवतो, असा अनुभव बहुतेकांचा असतो. यातलं एक कारण गिऱ्हाइकांना फारसं ठाऊक नसतं. रॅकपाशी उभी असलेली सगळी माणसं दुकानाची नसतात. साबणाच्या, तेलाच्या, पावडरीच्या कंपन्या आपापला माल खपवायला माणसं पाठवतात. ती त्या एका मांडणीपुरती असतात. शेजारच्या रांगेत काय आहे हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं, आणि शर्टाचा रंग पाहून आपल्याला ती दुकानाचीच वाटतात. दुकानानं त्यांना निदान पहिल्या दिवशी एक फेरी मारून आणावी. अर्ध्या तासाचं काम आहे. जे दुकान ते करतं तिथे लगेच कळतं. तिथला परका मुलगाही म्हणतो, "मला नक्की माहीत नाही, पण चला, विचारू या," आणि तुमच्यासोबत चालायला लागतो.

सोबत चालणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. "तिकडे, चौथ्या रांगेत" असं बोट दाखवणारा आणि चौथ्या रांगेपर्यंत येणारा, या दोघांच्या वेळेत दोन मिनिटांचाही फरक नसतो. पण डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या, लिहिलेलं वाचता न येणाऱ्या किंवा नुसत्या गोंधळलेल्या माणसासाठी त्या दोन मिनिटांवर सगळं असतं. अर्थात हेही त्याच्या हातात असायला हवं. हातातला माल ठरल्या वेळात रॅकवर लागला नाही म्हणून ओरडा खाणारा मुलगा तुमच्यासोबत कसा येईल? माल लावायचंही एक शास्त्र आहे. जुनी तारीख पुढे, नवी मागे. तो खोके उघडून तारखा बघत असतो तेव्हा तो रिकामा दिसतो, रिकामा नसतो.

स्वतःचं बिल स्वतः करायच्या यंत्रांबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. दोन-तीन वस्तू असल्या की मीही तिकडे जाते. ही यंत्रं वजनावर चालतात. प्रत्येक वस्तूचं वजन त्यांना माहीत असतं, आणि स्कॅन केलेली वस्तू व पिशवीत पडलेलं वजन जुळलं नाही की यंत्र अडतं. स्वतःची कापडी पिशवी ठेवली, लहान मुलानं त्यावर हात टेकला, वस्तू उचलून पुन्हा ठेवली, की झालं. मग चार-सहा यंत्रांमागे ठेवलेला एकच कर्मचारी धावत येतो. त्याला एकाच वेळी मदतही करायची असते आणि लक्षही ठेवायचं असतं, आणि ही दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ज्याला मदत हवी त्याच्याकडे संशयानं बघून चालत नाही.

तरी या यंत्रांपाशीच मी एक सुंदर वागणं पाहिलं. एक वयस्क गृहस्थ अडकले होते. मागे लोक चुळबुळत होते. मुलगा आला. त्याला चार बटणं दाबून विषय संपवता आला असता. त्यानं तसं केलं नाही. आपलं कार्ड लावून यंत्र सुरू केलं आणि एक पाऊल मागे उभा राहून म्हणाला, "आजोबा, आता तुम्ही करा, मी आहे इथे." त्यांनी केलं. सावकाश केलं. पुढच्या वेळी ते गृहस्थ एकटे त्या यंत्राशी जाऊ शकतील. या मुलाला हे कोणी शिकवलं होतं की त्याचं त्यालाच सुचलं, विचारायला हवं होतं, पण तोपर्यंत दुसरं यंत्र वाजलं आणि तो तिकडे पळाला.

काही दुकानांनी उलटी वाटही धरली आहे. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स या साखळीनं २०२३च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की दोन दुकानं वगळता बाकी सगळीकडची ही यंत्रं काढणार आणि माणसं बसवणार. नेदरलँड्समध्ये युम्बो या सुपरमार्केटनं २०१९ साली खास गप्पांचा काउंटर सुरू केला. ज्याला घाई नाही त्यानं तिथे जायचं, कॅशियर तुमच्याशी निवांत बोलते. एकटेपणाविरुद्ध तिथल्या सरकारनं जी मोहीम काढली होती तिला जोडून हे आलं, आणि पुढे २०० दुकानांत असे काउंटर करायचं कंपनीनं ठरवलं. मला यात सगळ्यात मोलाचं हे वाटतं की तिथे सावकाश काम करणं हाच त्या कॅशियरच्या कामाचा भाग आहे. माझ्या जावेला जे करण्याबद्दल बोलणी बसली, तेच तिथे तिला सांगून करवलं जातं.

ती नोकरी तिनं सोडली. पण त्या काळातली एक गोष्ट ती आजही आनंदानं सांगते. एका गिऱ्हाइकानं तिच्याबद्दल चार ओळींचं पत्र लिहून मॅनेजरकडे दिलं होतं. त्यात तारीख होती, वेळ होती, काउंटरचा क्रमांक होता आणि तिनं नेमकं काय केलं ते होतं. ते पत्र कर्मचाऱ्यांच्या खोलीत, त्या वेगाच्या तक्त्याशेजारीच लावलं गेलं. पगारवाढीच्या वेळी तिनं ते पुढे केलं आणि त्याचा उपयोग झाला. तेव्हापासून मी तोंडी कौतुकावर थांबत नाही. लिहून देते. "सेवा चांगली आहे" असं मोघम लिहिलं तर ते कोणाच्याच नावावर जमा होत नाही. फिनेलच्या बाटलीचं झाकण बघणाऱ्या बाईंबद्दल मी लिहिलंय, सासूबाईंचा प्रसंग जसाच्या तसा. यंत्रापाशी एक पाऊल मागे थांबणाऱ्या मुलाबद्दलही लिहिलंय. त्याच्या बिल्ल्यावरचं नाव वाचता आलं नव्हतं, म्हणून तारीख आणि वेळ दिली.

तक्रारही लेखीच करते, आणि ती माणसाची सहसा नसते. त्या पावडरच्या पुड्यानंतर मी त्या दुकानाच्या मॅनेजरना लिहिलं, की संध्याकाळी गर्दीच्या वेळी सुपरवायझर काउंटरजवळ असावा, नाहीतर काउंटरवरच्या अनुभवी मुलींना छोट्या रकमेपर्यंत भाव बदलायची मुभा द्यावी आणि रात्री यादी तपासावी. सोबत हेही लिहिलं की त्या दिवशीच्या मुलीची काही चूक नव्हती, तिला कोणी बोलू नये. मॅनेजरांचा फोन आला. सभ्यपणे बोलले. म्हणाले, मुभा देणं त्यांच्या हातात नाही, ते मुख्य कार्यालय ठरवतं. आणि सुपरवायझरला काउंटरजवळ ठेवायचं तर संध्याकाळचा माल कोण उतरवून घेणार? पूर्वी त्यासाठी वेगळा माणूस होता, तो गेल्यावर त्याची जागा भरलेली नाही. हे सांगताना त्यांचाही आवाज थकलेला होता.

म्हणून आता दुसरं पत्र मुख्य कार्यालयाला लिहिलं आहे. मुभेबद्दल तर लिहिलंच, पण त्याआधी, पहिल्याच परिच्छेदात, संध्याकाळच्या पाळीसाठी माल उतरवून घेणारा माणूस परत द्या, असं मागितलं आहे.